मध्ये खांब नसलेली साठ फुटी शेड: माझा अनुभव

निफाड तालुक्यात कांदा निवडण्याची आणि गोण्या भरण्याची आमची जुनी शेड तीन बाजूंनी बंद आणि समोरून पूर्ण उघडी होती. वळवाच्या एका वादळात वळचणीकडचे आठ पत्रे हुकांसकट उपटून शेजारच्या वावरात जाऊन पडले. पत्रे वाऱ्याने वरून ओढून नेले असे आम्ही धरून चाललो होतो, परंतु स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहणी करून सांगितले की, उघड्या बाजूने शिरलेला वारा पत्र्याला आतून वर ढकलतो, त्याच वेळी पाख्यावर बाहेरून ओढ बसते आणि हे दोन्ही जोर एकत्र येऊन पत्रा उचलतात. त्यामुळे नव्या शेडसाठी आलेल्या प्रत्येकाला मी दराच्या आधी, शेड किती वाऱ्याचा वेग धरून बांधणार हे विचारू लागलो. आयएस ८७५ या, इमारतींवर येणारे भार सांगणाऱ्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. तीन जणांपैकी एकालाच हे उत्तर देता आले.

आम्हाला ६० फूट रुंद, १०० फूट लांब आणि आत ट्रक वळेल अशी, मध्ये एकही खांब नसलेली जागा हवी होती. गावाकडच्या फॅब्रिकेटरने चौकोनी पाइपच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, जागेवरच वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली. तीस-पस्तीस फुटांच्या शेडला मी आजही हाच प्रकार सुचवेन, कारण तो आटोपशीर असतो आणि दुरुस्तीला माणूस गावातच मिळतो. मात्र पाइपच्या भिंतीची जाडी व्हर्नियरने स्वतः मोजून घ्यावी आणि पाइपची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर आत ओल शिरून गंज आतूनच चढतो आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसत राहतो. साठ फुटांना या कैचीची उंची आणि जोडांची संख्या इतकी वाढत होती की, उघड्यावर, शिडीवर बसून केलेल्या शेकडो वेल्डिंगवर विसंबणे मला पटले नाही. दुसरा पर्याय कमानीच्या छताचा होता. त्यात पत्र्याच्या गुंडाळीपासून जागेवरच कमानी वळवतात आणि कैची किंवा पर्लिन, म्हणजे पत्रा बसवायच्या आडव्या पट्ट्या, लागतच नाहीत. पण कमान तिच्या दोन्ही टोकांना बाहेर रेटते, तो रेटा घेणारी तुळई भक्कम लागते, आणि पंखे व दिवे टांगायला खाली काही उरत नाही.

शेवटी आम्ही पीईबी, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर बोल्टने जोडायची चौकट निवडली. खांब आणि राफ्टर (छताची तिरकी तुळई) जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे दोघांचीही खोली, म्हणजे वाकण्याच्या दिशेतली जाडी, मोठी ठेवतात आणि खांब खाली येताना निमुळता करतात. जिथे गरज नाही तिथले लोखंड वाचते ते असे. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की, या चौकटीत पुढे मनाने भर टाकता येत नाही. सौर पॅनेलचे वजन आम्ही ऑर्डरपूर्वीच कळवले, म्हणून ते हिशेबात धरले गेले.

काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत पाया खोदला. दोन चौकटींमधल्या जागेला गाळा म्हणतात; २५ फुटांचे चार गाळे, म्हणून पाच चौकटी आणि दहा खांब. पायात रोवायचे फाउंडेशन बोल्ट बसवताना ठेकेदाराने एका खांबाचे टेम्प्लेट, म्हणजे बोल्ट जागेवर धरणारा साचा, न बांधता काँक्रीट ओतले आणि त्या चार बोल्टांचा संच २५ मिलिमीटर सरकला. खांबाच्या तळाची बेसप्लेट त्या बोल्टांवर बसेना. फिटर बोल्ट तापवून वाकवायला निघाला होता, पण इंजिनिअरने ठाम नकार दिला, कारण वादळात पाया आणि शेड यांना बांधून ठेवणारे तेच बोल्ट असतात. पेडेस्टल, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा ओटा, फोडून नव्याने ओतावे लागले आणि आठ दिवस गेले. ते गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

एका गाळ्यात पुढे फाटक हवे म्हणून मी तिथली गुणिलेच्या खुणेसारखी तिरकी सळई काढायला सांगितली होती. ती काढली असती तर लांबीच्या दिशेने येणारा वारा पेलायला त्या भिंतीच्या ओळीत काही राहिले नसते, म्हणून फाटक शेजारच्या गाळ्यात सरकवले. उत्तरेकडच्या टोकाला भिंतीपुरती हलकी चौकट पुरली असती, पण तिथे आम्ही आतल्यासारखीच पूर्ण चौकट घेतली. त्यामुळे कांदा वाढला की त्या बाजूने भिंतीचे पत्रे उतरवून आणखी दोन गाळे जोडता येतील.