रातथाऱ्यावरची हजेरी

“पोपटं कथा गयात, भो?”

पोपट कुठे गेले, असं रसवंतीवाल्याने त्याच्या बोलीत विचारलं तेव्हा आमची मोजणी सुरूही झाली नव्हती. मार्चचा मधला आठवडा होता. जळगावातल्या जुन्या रेन ट्रींच्या एका रांगेवर राघूंचा रातथारा, म्हणजे थव्याने रात्र काढायची जागा, आहे. जानेवारीत तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका कलकलाट असतो. त्या संध्याकाळी बेरीज जानेवारीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरली. रसवंतीवाल्याचा अंदाज आमच्या वहीपेक्षा फार मागे नव्हता.

आकडा घटला की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा. जळगावात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मार्चच्या मध्याला साडेसहा उलटून जातात. भिंतीवरच्या घड्याळाने उभं राहणारा माणूस मार्चमध्ये शेवटचे थवे यायच्या आत घरी जातो. म्हणून आम्ही सूर्यास्ताआधी तासभर उभे राहतो आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी उठतो. चार दिशांना चार जोड्या असतात. एकाने आकाशावरून नजर काढायची नाही, दुसऱ्याने पाच-पाच मिनिटांच्या ओळीत आकडे लिहायचे. मोठा थवा आला तर आधी दहा पक्षी नजरेत बसवायचे, मग तेवढे-तेवढे तुकडे पाडत जायचं. झाडावरून उठून बाहेर गेलेले वजा करायचे. झाडांच्या अलीकडे असलेल्या मोबाइल टॉवरवर आणि तारांवर थवे आधी जमतात, तिथले या बेरजेत धरायचे नाहीत. नवशिके हटकून इथेच फसतात. तेच पक्षी टॉवरवर एकदा आणि झाडावर एकदा मोजले जातात.

पद्धतीत खोट सापडली नाही. मग दुसरं उत्तर तयारच होतं: दादर ज्वारी निघाली, हरभरा निघाला, पोपट दाण्यामागे गेले. शेतकऱ्याला हे लगेच पटतं, कारण कणसावर बसून अर्धं खाणारा आणि अर्धं खाली पाडणारा राघू त्याने महिनाभर गोफणीने हाकललेला असतो. पण दाणा संपला तर नर, मादी, पिल्लं सगळीच उठायला हवीत. तसं झालं होतं का, हे थव्याच्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी गळे वाचावे लागतात.

उडत्या पक्ष्याचा गळा वाचता येत नाही, तिथे तारांवरचा जमाव कामी येतो. सूर्य पाठीशी घेऊन स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावायचा आणि एका टोकापासून ओळीने पाहत जायचं, आवडीचे पक्षी निवडायचे नाहीत. प्रौढ नराच्या हनुवटीपासून काळी पट्टी निघते आणि मानेवर गुलाबी होते, तोच कंठ. तिरप्या उन्हात गुलाबी रंग फसवतो, म्हणून हनुवटीचा काळा पाहायचा. पाठमोरा पक्षी सरळ सोडून द्यायचा. कंठ नसलेले सगळे माद्या नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. नराला पूर्ण कंठ यायला तिसरं वर्ष उजाडतं, तोवर तो मादीसारखाच दिसतो. जानेवारीत आमच्या नमुन्यात दहात चार कंठवाले होते. त्या दिवशी दहात सहा निघाले. म्हणजे गळती सरसकट नव्हती, कंठ नसलेल्यांची होती.

हे कळल्यावर वहीतल्या मघाच्याच ओळी वेगळ्या दिसू लागल्या. जानेवारीत पाखरं दोन-दोन, चार-चारच्या गटांत येत. थवा पन्नासाचा असला तरी उतरताना दोघं शेजारीशेजारी बसत आणि तिसऱ्याला चोच खावी लागे. मार्चमध्ये एकेकटे आले, तेही उशिरा, शेवटच्या दोन ओळींत. थव्याचं खरं माप दोन आहे, हे एरवी गर्दीत लपून राहतं. जोडीतलं एक गैरहजर राहिलं की ते उघडं पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातला एक जुना कडुनिंब धरला. तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरलेलं भोक राघू कुरतडून मोठं करतो. त्या ढोलीवर आम्ही वीस मीटरवरून दोन तास नजर ठेवली. (झाडावर चढून किंवा काठीला मोबाइल बांधून आत डोकावू नये. अंड्यांच्या दिवसांत मादी घाबरून ढोली सोडू शकते.) बराच वेळ एक चोच तेवढी दिसत होती. मग कंठवाला आला, लगेच ढोलीवर न उतरता जवळच्या वाळक्या फांदीवर बसला आणि हलक्या आवाजात बोलला. मादी बाहेर आली. त्याने मान खालीवर करत गळ्यातलं अन्न वर आणलं आणि तिच्या चोचीत दिलं. काही मिनिटांत ती परत आत गेली. अंडी बहुधा चार, ती उबवते मादीच, सुमारे तीन आठवडे. या काळात ती रात्रही ढोलीतच काढते. नर तिला शेवटचा घास भरवून एकटाच रातथाऱ्यावर जातो, म्हणून त्याला उशीर.

एरवी याच जोडीत वरचढ मादी असते. दाण्यावरून ती नराला हुसकावते आणि तो मुकाट्याने सरकतो. तिला दिवसाचे कितीतरी तास एका भोकात काढायला लावणारी सोय नराच्या घासावर उभी आहे. त्यामुळे मार्चमध्ये एक नर पकडला किंवा मेला, तर नुकसान एका पक्ष्याचं राहत नाही.

अंड्यातून निघालेली पिल्लं साधारण सहा-सात आठवड्यांनी ढोलीबाहेर पडतात. पिल्लं चोरणारेही याच दिवसांत फिरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी पिंजरे अजून अंगणात टांगलेले दिसतात. फांद्या छाटण्याची घाई त्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडावर. ढोल्या रिकाम्या झाल्या की माद्या रातथाऱ्यावर परततात, त्यामुळे मेमधली नुसती बेरीज वाढली म्हणून खूश व्हायचं कारण नाही. ती परतलेल्या माद्यांनीही वाढते. नव्या पिल्लाची शेपटी आखूड असते आणि ते उतरताना फांदीवर हेलपाटतं. मेच्या पानावर आम्ही तेवढ्यासाठी वेगळा रकाना आखून ठेवलाय.