खिडकीतले जेड आणि जुलैचे पाणी

माझे जेडचे पहिले रोप जुलैमध्ये गेले. पुण्यात झड लागली होती, आठवडाभर उन्हाची तिरीपही नव्हती, आणि उन्हाळ्यात लागलेल्या सवयीने मी दर चौथ्या दिवशी कुंडीत पाणी घालतच होते. पाने पिवळसर होऊन नुसत्या स्पर्शाने गळू लागली, तेव्हा रोप तहानलेले आहे असे समजून मी आणखी पाणी घातले. शेवटी बुंधा बोटाने दाबून पाहिला, तर तो पिकलेल्या केळ्यासारखा मऊ लागला. तोवर मुळे पार कुजली होती.

जेड, म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, मूळचे दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकमधले. ते पानांत आणि खोडात पाणी साठवते, आणि बाष्प वाया जाऊ नये म्हणून पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडते. अशा झाडाची कुंडी पावसाळ्याच्या दमट हवेत, बंद खिडकीआड, लवकर वाळत नाही. म्हणून आता मी दिवस मोजत नाही. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसते आणि ती कोरडी निघाली तरच पाणी घालते, तेही तळाच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि बशीत साचलेले लगेच ओतून देते. जुलै-ऑगस्टमध्ये कधीकधी तीन आठवडे पाण्याची गरज पडत नाही. खरी तहान लागली की पाने किंचित सुरकुततात आणि दाबल्यावर पूर्वीसारखी टणक लागत नाहीत.

माती निम्मी आणि उरलेल्यात जाड वाळू व विटांचा चुरा, असे मिश्रण मला मानवले आहे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार वेळ ओल धरते, म्हणून ते मी घालत नाही. कुंडी मातीचीच घ्यावी, कारण तिच्या अंगातूनही ओल निघून जाते. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले तर पानांच्या कडा लालसर होतात, आणि उजेड कमी पडला तर फांद्या लांबट, विरळ होऊन खिडकीकडे झुकतात.

आपल्याकडे नर्सरीत ‘जेड’ म्हणून पुष्कळदा मिळते ते पोर्टुलाकेरिया अफ्रा, नखाएवढ्या पानांचे आणि तांबूस फांद्यांचे, जे आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात. देखभाल बरीचशी सारखीच, पण क्रॅसुलाचे एकटे पानसुद्धा रुजते, पोर्टुलाकेरियाची मात्र फांदीच लावावी. घरात मांजर असेल तर हा फरक आवर्जून पाहावा, कारण क्रॅसुला तिला बाधते.

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड असते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने मी ती पुसून काढते आणि आठवड्याने पुन्हा पाहते.

गेल्या रविवारी छाटलेल्या चार फांद्या सध्या ताटलीत, सावलीत पडून आहेत. त्यांची कापलेली टोके वाळून त्यांवर खपली धरली आहे, त्यामुळे उद्या त्या कोरड्या मिश्रणात लावीन आणि पहिले पाणी आठवड्यानंतर देईन.