चार आठवड्यांचा कोर्स आणि त्याआधीचे कागद

फ्रान्समधल्या इन्सियाड या व्यवस्थापन शाळेच्या, वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीच्या कोर्सच्या प्रवेश अर्जात एक साधा रकाना होता: तुम्ही कोणाला रिपोर्ट करता? नाव आणि हुद्दा लिहा. मी काकांचं नाव लिहिलं आणि हुद्द्यापाशी अडले. कागदोपत्री काका अध्यक्ष. पण मशीनची ऑर्डर, बँकेतली सही, कामगारांचा बोनस, नवदुर्गेच्या जत्रेची वर्गणी, सगळं त्यांच्याच टेबलावरून जातं. माझ्या कार्डावर पूर्णवेळ संचालक लिहिलंय. कारखाना मी चालवते असं बाहेरचे म्हणतात. घरात तसं कोणी कधी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

आमचा कारखाना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहे. औषध कंपन्यांसाठी खोकी आणि आतली घडीची माहितीपत्रकं छापतो. गोव्यात औषधांचे कारखाने भरपूर, त्यामुळे वडिलांच्या आणि काकांच्या काळात गिऱ्हाईक शोधायला फोंड्याबाहेर फार लांब जावं लागलं नाही. मग नियम बदलत गेले. १ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. छापखान्याला एकाएकी माहिती सांभाळणारी कंपनी व्हावं लागलं. परदेशी गिऱ्हाइकांचे लेखापरीक्षक येऊन शाईऐवजी सर्व्हरबद्दल विचारायला लागले. हे सगळं माझ्यावर येऊन पडलं होतं, आणि ज्यांच्याशी बोलावं असे लोक गोव्यात मोजके. त्यातलेही निम्मे आमचे स्पर्धक.

कोर्स शोधायला लागले तेव्हा कळलं की वरिष्ठांसाठीचा कोर्स या नावाखाली काहीही विकलं जातं. ऑनलाइन प्रमाणपत्रं विकणाऱ्यांचे फोन तर जेवायच्या वेळी हमखास. साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेली. तिथल्या छोट्या कार्यशाळांना मी जाऊन आले होते आणि त्या मला उपयोगी पडल्या. पण मला गोव्याबाहेरच्या, आमच्या धंद्याशी देणंघेणं नसलेल्या लोकांत बसायचं होतं. वरिष्ठांसाठीच्या या निवासी अभ्यासक्रमांची परंपरा जुनी आहे. हार्वर्डचा ॲडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्राम १९४५ चा, युद्धकाळात उद्योगांसाठी माणसं तयार करण्याच्या वर्गांतून निघालेला. लोझानच्या आयएमडीचं मूळ नेस्ले आणि अल्कान या कंपन्यांनी आपापल्या माणसांसाठी काढलेल्या दोन शाळांत आहे, त्या १९९० मध्ये एकत्र झाल्या. इन्सियाड १९५७ ची. ती काढण्यात पुढाकार होता जॉर्ज दोरिओ यांचा, जे जन्माने फ्रेंच आणि हार्वर्डचे प्राध्यापक होते. हार्वर्डला जास्त आठवडे लागतात, फीही जास्त. इन्सियाडचा, फोंतेनब्लो गावातला चार आठवड्यांचा कोर्स मला झेपेल असं वाटलं.

एक गोष्ट ओळखीच्यांना पुनःपुन्हा सांगावी लागली. ही पदवी नव्हे. प्रवेश परीक्षा नाही, शेवटी गुणपत्रिका नाही. शाळा पाहते ते तुमचा अनुभव, तुमच्या हाताखालचा पसारा आणि तुम्हाला पाठवणारी कंपनी. हे तिसरं सगळ्यात कठीण. कंपनीचं पत्र लागतं की फी आम्ही भरू आणि या काळात यांना कामातून पूर्ण मोकळं ठेवू.

पत्राचा मसुदा घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी आधी फीचा आकडा पाहिला.

"एवढ्यात चांगलं सेकंडहँड डाय-कटिंग मशीन येईल."

"येईल. पण मशीनवर काय छापायचं ते कोण ठरवणार?"

"आजवर कोण ठरवत होतं?" मग तारखा पाहिल्या. "अगो बाय, ही तर चवथ! चवथीला तू घरात नाही?"

फी राहिली बाजूला. माझ्या तुकडीची तारीख चवथीला खेटून होती, आणि आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायची तयारी वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आहे. आमची कंपनीही त्या माटोळीसारखीच: काय कुठे बांधायचं ते सगळ्यांना ठाऊक, लिहिलेलं कुठेच नाही. शेवटी आईने तोडगा काढला. चुलतभावाने माटोळी बांधायची आणि मी विसर्जनानंतर निघायचं. काका पत्रावर सही करतो म्हणाले, पण सीएला विचारून.

सीएंनी चष्मा पुसला आणि १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ३७ काढलं. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असला तरच तो वजा मिळतो. घरच्या कंपनीने घरच्याच माणसाला परदेशी शिकायला पाठवलं की अधिकारी हमखास विचारतात, हा धंद्याचा खर्च की घरचा? असे वाद न्यायाधिकरणापर्यंत गेले आहेत. म्हणून त्यांनी यादी दिली. कोर्सचा विषय आणि कंपनीची गरज यांचा संबंध सांगणारी टिपणी. संचालक मंडळाचा ठराव. आणि माझ्याकडून बाँड: परत आल्यावर तीन वर्षं कंपनी सोडली तर फी उरलेल्या काळाच्या प्रमाणात परत करायची.

"स्वतःच्याच कंपनीला बाँड?" मी म्हटलं.

"ताई, कंपनी तुमची नव्हे. शेअर आहेत काकांचे आणि तुमच्या आईचे," ते शांतपणे म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते टेबलावर कोणी मांडलं नव्हतं.

ठरावाबरोबर आणखी एक कागद तयार झाला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात मोलाचा तोच. मी नसताना कोणी कशावर सही करायची? आजवर उत्तर होतं: काकांनी, किंवा काकांना फोन करून मी. आता रकमेनुसार मर्यादा ठरल्या. कच्च्या मालाची खरेदी उत्पादन प्रमुख करणार, पगार हिशेबनीस सोडणार, त्यावरचं काका. बँकेलाही तसं कळवलं. कागद तयार करताना लक्षात आलं की उत्पादन प्रमुखाला हे सगळं करता येत होतंच, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पैशांचं जाता जाता सांगते, कारण बरेच जण विचारतात. कंपनी थेट शाळेला फी भरते तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या, व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या उदारीकृत योजनेचा प्रश्न येत नाही. बँक आपले फॉर्म मागते, सीए देतात, पैसे जातात. मडगावचा माझा एक मित्र स्वतःच्या खिशातून गेला. त्याला ती योजना लागू झाली: एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर. टीसीएसची सुरुवात कितीपासून, ती रक्कम एप्रिल २०२५ पासून ७ लाखांवरून १० लाख झाली. तो कर विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

मुलाखत व्हिडिओवर झाली आणि लवकर आटोपली. जे विचारलं ते आम्ही कागदांत आधीच लिहून बसलो होतो.

मग ३६० अंशांची प्रश्नावली आली. तुमच्या वरचे, बरोबरीचे आणि हाताखालचे, सगळ्यांनी तुमच्याबद्दल उत्तरं द्यायची. हाताखालच्यांची उत्तरं एकत्र करून येतात, म्हणजे कोणी काय लिहिलं ते कळू नये. कारखान्यात हे कळलं तेव्हा छपाई विभागाचा सुपरवायझर केबिनच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, खरं लिहायचं की बरं लिहायचं?"

"खरं."

"मग मालकांना दाखवणार नाही ना?"

मी नाही म्हटलं. त्याने खरंच लिहिलं असावं.

व्हिसाची गोष्ट गोव्यात निघाली की एकच सल्ला मिळतो. तुझे वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले ना, मग पोर्तुगीज पासपोर्ट कर की, कसला शेंगेन नि काय! हे खरंही आहे. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना तो मार्ग खुला आहे, माझ्या वर्गातले कितीतरी जण त्या वाटेने लंडनला गेले. पण त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, आणि चार आठवड्यांच्या कोर्ससाठी कोण ते सोडणार? मी सरळ रांगेत उभी राहिले. शाळेचं पत्र, कंपनीचं पत्र, बँकेचे उतारे, तीस हजार युरोंचा प्रवासविमा, बोटांचे ठसे. मंडळाचा ठराव इथेही कामाला आला.

फोंतेनब्लो पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनपासून साधारण चाळीस मिनिटांवर. गाव लहान, भोवती मोठं जंगल आणि मध्ये तो राजवाडा, जिथे १८१४ मध्ये नेपोलियनने आपल्या जुन्या सैनिकांचा निरोप घेतला. इन्सियाडचे पहिले वर्गही त्याच राजवाड्यात भरले होते. आता शाळा जंगलाच्या कडेला आहे.

वर्गात माझी कंपनी सगळ्यात लहान असावी. गटात एक कोरियन जहाजबांधणीवाला, एक नायजेरियन बँकर, एक ब्राझीलचा, भावांबरोबर साखर कारखाना चालवणारा. रात्री केस वाचायची, सकाळी गटात चर्चा, मग वर्गात. केसमध्ये एखादी कंपनी पेचात सापडलेली असते आणि प्राध्यापक उत्तर सांगत नाहीत, तुम्हालाच भांडायला लावतात. वित्ताचे तास मला सोपे गेले. डावपेचांच्या तासांना मी जास्त बोलले, कारण पुरवठादाराच्या बाजूने बोलणारी मी एकटीच होते.

पण जो तास मी विसरणार नाही तो एका संध्याकाळचा, घरच्या कंपन्यांच्या लोकांसाठी ठेवलेला. फळ्यावर एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं: कुटुंब, मालकी, धंदा. हार्वर्डच्या तागिउरी आणि डेव्हिस यांची ही मांडणी १९७० च्या दशकातली. तीन वर्तुळांचे एकूण सात भाग होतात आणि प्रत्येकाने आपली जागा शोधायची. काका मधोमध, तिन्हींत. आई कुटुंब आणि मालकी यांच्यात. तिने कारखान्यात शेवटचं पाऊल कधी टाकलं आठवत नाही. मी कुटुंब आणि धंदा यांच्यात, मालकीबाहेर. उत्पादन प्रमुख फक्त धंद्यात. कुठल्या जागेवरून माणूस काय मागेल ते नुसत्या जागेवरून ओळखता येतं: आईला लाभांश हवा, मला तोच पैसा सर्व्हरला हवा, आणि काकांना दोघींना नाही म्हणायचं नसतं. ब्राझीलवाला आपल्या भावांची नावं लिहिता लिहिता मध्येच थांबला आणि म्हणाला, माझ्या आईला मी कधी विचारलंच नाही.

मग प्रश्नावलीचे निकाल घेऊन कोच बसली. हाताखालच्यांनी मला पुढचा विचार करण्यात चांगले गुण दिले होते. वरच्याने, म्हणजे काकांनी, त्याच रकान्यात फार कमी. कोचने दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि विचारलं, तुमचे पुढचे बेत तुमच्या सुपरवायझरला ठाऊक आहेत, अध्यक्षांना का नाहीत? मी म्हटलं, ते अध्यक्ष नाहीत, काका आहेत. ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.

परत आल्यावर काकांनी सहीच्या मर्यादांचा कागद रद्द करायला सांगितला नाही. मीही विषय काढला नाही. उत्पादन प्रमुख अजून कच्चा माल स्वतःच घेतो. दर तीन महिन्यांनी आम्ही तिघं, काका, आई आणि मी, बेत लिहून बसतो. पहिल्या बैठकीत आईने सर्व्हर म्हणजे काय ते विचारलं आणि समजल्यावर लाभांश अर्धा घेते म्हणाली. काका म्हणाले अर्धा नको, पाऊण घे. त्यावर दोघांचं अजून चाललंय.

आता चुलतभावाला जायचंय, सिंगापूरच्या कॅम्पसला. काकांनी त्याला आधी बाँड वाचायला दिलाय.