माझा अनुभव: व्हेसा मोड, बँक स्विचिंग आणि तो चारचा आकडा

डॉसमध्ये टर्बो सी (सी भाषेचा कंपायलर) वापरून व्हेसाच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डांच्या सामाईक स्टँडर्डच्या, मोडमध्ये ६४० बाय ४८० पिक्सेल, २५६ रंगांत चित्र दाखवायचं होतं. ३२० बाय २०० चा मोड १३एच सोपा असतो, ६४,००० बाइट, सगळे ए००० सेगमेंटच्या, म्हणजे कार्डाची मेमरी प्रोग्रामला जिथून दिसते त्या खिडकीच्या, ६४ केबीत मावतात. पण ६४० बाय ४८० ला ३,०७,२०० बाइट लागतात आणि खिडकी तीच ६४ केबीची, म्हणून कार्डाची मेमरी बँक (खिडकीतून दिसणारा तुकडा) बदलत बदलत लिहायची, त्यासाठी इंटरप्ट १० चं, म्हणजे कार्डाच्या बायॉसला (कार्डातच बसवलेल्या प्रोग्रामला) मारायच्या हाकेचं, फंक्शन ४एफ०५; हे नंबर हेक्समधले. घरच्या मशीनवर चित्र झकास आलं.

मित्राच्या ४८६ वर तोच प्रोग्राम चालवला आणि वरच्या पाव स्क्रीनमध्ये सगळं चित्र एकावर एक चढलेलं, खाली नुसता काळोख. ४एफ०२ ने मोड नीट सेट होतोय, एएक्स रजिस्टरमध्ये ००४एफ, म्हणजे 'काम झालं', परत येतंय, एरर कुठेच नाही. दुकानदाराचं एकच पालुपद, "गेम चालतात ना, मग कार्ड ओके आहे". अहो पण मोड १३एच चे गेम चालले म्हणून बँकिंगबद्दल काय कळणार? मॅन्युअल मागितलं तर रिकामा खोका दाखवला. दुसरे म्हणाले मॉनिटर बदल, तिसरे म्हणाले रॅम बदल. मला याचा आजही राग येतो, कारण उत्तर कार्डाच्या बायॉसमध्येच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी मोडची माहिती देणाऱ्या ४एफ०१ ला २५६ बाइटचा बफर दिला आणि आलेली माहिती सरळ प्रिंटएफने छापली, दोन्ही मशीनवर. ऑफसेट ४ वरचा वर्ड म्हणजे ग्रॅन्युलॅरिटी, खिडकी किती केबीच्या पावलाने सरकते तो आकडा. घरी ६४, मित्राकडे ४! ४एफ०५ ला डीएक्स मध्ये जो नंबर देतो तो ६४ केबीच्या बँकेचा नसतोच, ग्रॅन्युलॅरिटीच्या हिशेबाने असतो. म्हणजे १ दिला की खिडकी ६४ केबी नाही, फक्त ४ केबी पुढे सरकते, मग चित्र एकमेकांवर चढणारच. फ्लॉपीवरून सगळीकडे फिरणाऱ्या त्या सॅम्पल कोडमध्ये बँक नंबर तसाच दिलेला होता, ६४ गृहीत धरून. ६४ भागिले ग्रॅन्युलॅरिटी, इथे १६, याने बँक नंबर गुणला आणि चित्र जसंच्या तसं उभं राहिलं, मी अक्षरशः ओरडलो!

तर कुणीही ६४ गृहीत धरू नका, प्रत्येक मोडसाठी विचारा. आणि हो, १०२ नंबरच्या ओळीत (शून्यापासून मोजून) २५६ पिक्सेल झाले की बँक संपते, ओळीच्या मध्येच, त्यामुळे अख्खी ओळ एका मेमकॉपीत टाकायला जाऊ नका. प्रत्येक पिक्सेलला इंटरप्ट मारला तर फार स्लो होतं, चालू बँक एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि बदलली तरच कॉल करा. ऑफसेट १२ वर खिडकी हलवणाऱ्या फंक्शनचा पत्ता असतो, त्याला थेट 'फार कॉल' (दुसऱ्या सेगमेंटमधल्या पत्त्यावर कॉल) केला तर अजून वेग येतो, पण एएक्स आणि डीएक्स खराब होतात, आधी सेव्ह करा. हे सगळं करण्याआधी ४एफ०० ने कार्डात व्हेसा आहे का ते बघाच. व्हीबीई (व्हेसाचं हेच बायॉस स्टँडर्ड) २.० असेल आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये काम करत असाल तर मोड नंबरचा बिट १४ ऑन करून लिनियर फ्रेमबफर (कार्डाची मेमरी सलग, एकाच तुकड्यात) मागा, तिथे बँकेची भानगडच नाही.