गणित सोडलं तेव्हा

आमच्या बॅचची दहावीची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. २०२१ साल, कोरोना. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यावरून निकाल लागला. त्यामुळे आपल्याला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे कळायच्या आतच अकरावीचे विषय निवडायची वेळ आली.

डॉक्टर व्हायचं, म्हणजे नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची, एवढं पक्कं होतं. लातूरच्या एका कॉलेजात बाबांसोबत फॉर्म भरायला गेले. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायचं, की नुसतं पीसीबी, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र? रांगेतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "नीटला गणित नाही, मग ओझं कशाला?" मलाही ते पटलं. गणिताऐवजी भूगोल घेतला. मामा तेवढा म्हणाला, "इंजिनिअरिंगची वाट बंद होते बघ." ती वाट मला नकोच होती, त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

अडलं ते भलतीकडेच. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत सदिश (व्हेक्टर) आले, मग विकलन, संकलन (म्हणजे कॅल्क्युलस), लॉगॅरिदम. गणितवाल्या मुलांना हे त्यांच्या तासाला सावकाश शिकायला मिळायचं. आम्हाला भौतिकशास्त्राच्या सरांनी दोन तासांत उरकून दिलं, तेही ऑनलाइन, रेंज येईल तसं. उदाहरण समजायचं, पण आकडेमोडीत अडकायचे. सरांना विचारायची लाज वाटायची. ती वाटायला नको होती, हे आज मी अगदी मनापासून सांगते. ज्यांनी पीसीबी घेतलंय त्यांनी अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत एवढं गणित कुणाकडून तरी नीट बसून शिकून घ्यावं. त्याला वेगळा विषय लागत नाही, पण वेळ लागतो.

दुसरी चूक, अकरावी हलक्यात घेतली. नीटचा जवळपास निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा असतो. बारावीत बोर्ड, प्रात्यक्षिकं आणि अकरावीची उजळणी हे सगळं एकदम अंगावर आलं.

एक काम मात्र वेळेत झालं. जात पडताळणीचा अर्ज बाबांनी अकरावीतच कॉलेजमार्फत केला होता. माझ्या मैत्रिणीचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी हातात नव्हतं. तिच्या घरच्यांची ती धावपळ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

७ मे २०२३ ला नीट दिली. ७२० पैकी ४७०. जीवशास्त्र ३६० पैकी २९०, रसायनशास्त्र १८० पैकी १०९ आणि भौतिकशास्त्र १८० पैकी ७१. सरकारी एमबीबीएस हातातून कुठे निसटलं, ते या शेवटच्या आकड्यातच दिसत होतं. आई दोन दिवस काहीच बोलली नाही.

रिपीट करायचं की नाही, यावर घरात महिनाभर चर्चा चालली. एमबीबीएस आणि बीडीएसपलीकडे काय आहे याची यादी मी पहिल्यांदा तेव्हाच नीट वाचली. आयुर्वेद, होमिओपॅथी, आणि तिसऱ्या गटात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण उपचार. यातलं बरंचसं नीटच्याच गुणांवर मिळतं, हे अकरावीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नर्सिंगची सीईटी वेगळी होती. वर्गातल्या एकीला ते फॉर्मची मुदत संपल्यावर कळलं.

फिजिओथेरपी भरण्याआधी मी एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे परवानगी घेऊन चार दिवस नुसती बसून राहिले. लकव्यानंतर एक आजोबा पहिल्यांदा आधार न घेता खुर्चीतून उठले, तेव्हा त्यांच्या सुनेचा चेहरा मी पाहिला. त्याच रात्री पसंतीक्रम बदलला.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या बरोबरीने शरीराच्या हालचालींचं शास्त्र आलं: मान हलते ती पहिल्या प्रकारची तरफ, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतो ती दुसऱ्या प्रकारची, कोपर वाकतं ती तिसऱ्या. बल, आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम), सदिश. जे टाळून मी पुढे आले होते, तेच रुग्णाच्या गुडघ्यात आणि खांद्यात येऊन बसलं होतं. या खेपेला मात्र मी ते वहीत पुन्हा पुन्हा सोडवून शिकले, कारण चुकलं तर दुखणार कुणाला, ते समोर दिसत होतं.

धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्यालाही मेडिकललाच जायचंय आणि गणित ठेवावं का, म्हणून दर रविवारी फोनवर विचारतो. ठेव किंवा सोड, असं मी अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला घरी जाताना सदिश आणि विकलनाची माझी वही घेऊन जाणार आहे. आठ दिवस आम्ही दोघं मिळून ती सोडवू, मग त्याचं तो ठरवेल.