हार्प बघायला गाकोनाला

अलास्कात अँकरेजहून गाकोना साधारण ३४० किमी, अर्ध्या दिवसाचं ड्राइव्ह, पण ग्लेन हायवेवर मातानुस्का ग्लेशियर दिसलं की गाडी थांबवावीच लागते, आणि पुढे जमिनीखालचा बर्फ गोठून-वितळून रस्त्याच्या अशा लाटा झाल्यात की मागे बसलेल्या मावसभावाचा डोळा काही लागला नाही. हार्प म्हणजे आकाशात उंचावर रेडिओ लाटा सोडून तिथल्या हवेचा अभ्यास करणारं केंद्र, तेच हो, कुठे भूकंप झाला की व्हॉट्सॲपवर ज्याच्या नावाने फॉरवर्ड फिरतात ते. २०१५ पासून ते अलास्का फेअरबँक्स युनिव्हर्सिटीकडे आहे, आणि ओपन हाऊस असलं की आपल्यासारख्यांनाही आत सोडतात.

आत काय, तर ३३ एकरांत १८० खांब, प्रत्येक २२ मीटर उंच, वर आडव्या तारा आणि मागे रँगल पर्वतांची बर्फाची शिखरं. वीज डिझेल जनरेटरची, ट्रान्समीटर ३६०० किलोवॅटचा, सगळा शॉर्टवेव्हवर.

मला खरी मजा वाटली ती लो फ्रिक्वेन्सीच्या भानगडीची. खोल पाण्यातल्या पाणबुडीला निरोप द्यायचा तर तीच लागते, बाकीच्या खाऱ्या पाण्यात वरच्यावर विरून जातात. पण १ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, एक लाट ३०० किमी लांब, मग तेवढा अँटेना उभारायचा कुठे? तर आकाशात! ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवाकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाच्या, पट्ट्यात १०० किमी उंचीच्या आसपास निसर्गाचाच करंट वाहत असतो, त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. खालून शॉर्टवेव्हचा झोत मारला की तिथले इलेक्ट्रॉन तापतात, कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहू देण्याची क्षमता, बदलते, आणि झोत सेकंदाला हजार वेळा चालू-बंद केला की वाहत्या नळाची तोटी कुणी भराभर फिरवावी तसा तो करंटही कमी-जास्त होतो नि स्वतःच १ किलोहर्ट्झवर रेडिओ लाटा सोडायला लागतो. ही आयडिया मूळ रशियनांची, १९७४ ची, नंतर नॉर्वेत ट्रॉम्सोजवळही भरपूर प्रयोग झाले. म्हणजे एवढे खांब फक्त वरच्या करंटला डिवचायला, खरा अँटेना वरचा!

हिशोब मात्र चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, मेगावॅट ओतायचे आणि लो फ्रिक्वेन्सीत हाती काही वॅट. त्यात इलेक्ट्रोजेट त्या वेळी मंद असला तर बसा बोंबलत. तरी इथला सिग्नल ४४०० किमीवर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर पकडलाय, हे ऐकून मावसभाऊही गप्प झाला, नाहीतर तो सकाळपासून भूकंपाचंच विचारत होता.

जाणार असाल तर पेट्रोल वाटेतल्या ग्लेनॅलनला भरून घ्या, आणि डासांचं क्रीम विसरू नका.