फोर्टातल्या दगडांत पाणी शोधायला: चर्चगेट ते सीएसएमटी

भाच्याला कॉलेजात चुनखडकातलं भूजल शिकवतायत आणि तो वैतागलाय, मुंबईत जमिनीखाली सगळा काळा बेसॉल्ट, मग बघायचं कुठे म्हणे. म्हटलं अरे, जमिनीत नसेल पण फोर्टात भिंतींना लावलाय की. म्हणून रविवारी सकाळी गेलो.

तुम्ही जाणार असाल तर आधी घरी एक काम करा. शहाबादी नाहीतर कोट्याचा एखादा तुटका तुकडा घ्या, जरा खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात, म्हणजे चुनखडकच (कोट्याच्या ओट्यावर लिंबाचा डाग का पडतो तेही कळलं). आता चांगल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, तो बसून राहतो. दगड इतका घट्ट की पाणी गेलंच तर भेगेतून जाणार. हे लक्षात ठेवून निघा, कारण फोर्टात बऱ्याच जुन्या इमारतींत जो पोरबंदर स्टोन आहे, तोही चुनखडकच, पण बरोबर उलटा. किनाऱ्यावरची शंखशिंपल्यांची बारीक वाळू वाऱ्याने साचून घट्ट झालेली, कणाकणांत पोकळी, आणि मुख्य म्हणजे त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या. नुसती भोकं असून उपयोग नाही, बंद भोकात पाणी अडकून पडतं, वाहत नाही. भाच्याचा इथेच गोंधळ होता.

चर्चगेटला उतरून आधी भिखा बेहराम विहीर. 1725 ची, समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं. आत फक्त पारशी लोकांना प्रवेश, बाहेरूनच बघा, उगाच हुज्जत घालू नका. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, आणि ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 मीटर गोडं सापडतं. आता हाच हिशोब उलटा करा: उपसून पातळी 1 मीटर उतरवली की खालचं खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर येऊ बघतं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोरबंदर, चोरवाड, वेरावळ पट्ट्यात हेच झालंय, सच्छिद्र दगड, वर पंपांची गर्दी, विहिरी खारट.

तिथून वीर नरिमन रोडने सरळ हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन 1864 चं, दगड थेट इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड स्टोन, ज्युरासिक काळातला चुनखडक. दुर्बिण न्या, या दगडाचे गोल कण अगदी गाबोळीसारखे असतात, पण कठड्याबाहेरून नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही. मध्यंतरी याच्यावर ऑइलपेंटचे थर चढवले होते ते दुरुस्तीत काढले, बरं झालं, कारण अशा दगडात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते, वर पेंट मारला की ओल आत कोंडते आणि दगड आतून झडतो.

मग डी. एन. रोडने सावलीतून सीएसएमटी. इथे चुनखडकाबरोबर वालुकाश्मही आहे, तेव्हा प्रत्येक पिवळट दगड बघून चुना चुना ओरडू नका (भाच्याने ओरडून घेतलं). छज्ज्याखाली जिथे पाऊस पोचत नाही तिथे काळी खपली दिसेल, हवेतला गंधकाचा धूर चुन्याशी मिळून जिप्सम होतो आणि त्यात काजळी अडकते. पाऊस थेट लागतो तिथे उलट दगड धुतला जातो, म्हणजे हळूहळू विरघळतो. जमिनीखाली हेच काम मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरलेलं पाणी करतं, भेगा रुंद करत नळ्या आणि गुहा पाडतं. मग मात्र झिरपणं वगैरे संपलं, पाणी ओढ्यासारखं पळतं, वाटेत गाळलंच जात नाही, वरच्या संडासाची घाण चार दिवसांत खालच्या झऱ्यात. मला विचाराल तर चुनखडकाच्या गावात विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसो, उकळूनच प्यावं.

बाकी सूचना. सातच्या आत पोचा, नंतर ऊन आणि गर्दी. पावसाळ्यात झड उघडली की दुसऱ्या दिवशी जा, कुठला दगड ओल धरून बसलाय ते लगेच दिसतं. लिंबू घरीच ठेवा, हेरिटेज भिंतीवर थेंबही टाकायचा नाही, पाणीसुद्धा नाही. सीएसएमटीचे फोटो महापालिकेसमोरच्या फुटपाथवरून काढा, रस्त्याच्या मध्ये उभं राहून नको. आणि रविवारी निघताना मेगाब्लॉक बघून घ्या.